मांजराची चौकशी

"कुणाचं मांजर?" मेव्हण्यांनी विचारलं, आणि हातातला पाना तसाच धरून ते दारात उभे राहिले.

"तुमचं. म्हणजे ताईचं," तो म्हणाला. "गेलं ना परवा. म्हटलं, भेटून यावं." आणि हातातली कुंडी त्याने जरा पुढे केली. कुंडीत एक हिरवं रोपटं होतं, त्याला अजून फूल यायचं होतं, आणि दुकानदाराने भोवती गुंडाळलेला चकचकीत कागद जिने चढून येईपर्यंत त्याच्या घामट बोटांना चिकटून बसला होता. मेव्हण्यांनी आधी कुंडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा कुंडीकडे, आणि एकदम खो खो हसत सुटले. "अरे टिल्लू, सकाळीच लावून आलास की काय? आमच्याकडे कुठलं मांजर? तुझ्या बहिणीला लहानपणापासूनचा दमा. मांजर सोड, भिंतीवर मांजराचं कॅलेंडर लावलं तरी ही बाई शिंकत सुटेल. ये, ये आत. ती खाली औषधं आणायला गेलीय, येईलच इतक्यात." टिल्लू हे त्याचं घरातलं नाव. केस पांढरे झाले, पोट सुटलं, तरी या घरात तो टिल्लूच होता.

तो आत गेला आणि सोफ्याच्या कडेला टेकला. कुंडी कुठे ठेवावी कळेना, म्हणून मांडीवरच ठेवली. मेव्हणे फ्रिज दुरुस्त करायचे. बाल्कनीत दोन फ्रिज पाठ उघडी टाकून उभे होते आणि त्यांच्यामधल्या फटीत मेव्हणे पुन्हा जाऊन बसले, म्हणजे दिसेनासे झाले, नुसती खुडबुड ऐकू येत राहिली. त्याने खोली न्याहाळली. मांजर नव्हतं हे तर झालंच, पण मांजर कधी नव्हतंच, हे खोलीकडे बघून जास्त कळत होतं. सोफ्याच्या हातांवर नखांचे ओरखडे नव्हते. पडद्याचा एक दोरा निघालेला नव्हता. दाराशी वाटी नव्हती. गेलं वर्षभर, इथे न येताच, या खोलीत त्याने एक मांजर पाहिलं होतं. फोनवर ताई बोलायला लागली की ते त्याला दिसायचं, खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात, मागचा लंगडा पाय बाहेर काढून बसलेलं. कट्ट्यावर आता इस्त्रीच्या कपड्यांची चवड होती. आपल्याला धक्का बसायला हवा होता, असं त्याला वाटलं. निदान लाज तरी वाटायला हवी होती. पण दाताच्या डॉक्टरने सुई दिली की ओठ आपला असून आपला राहत नाही, चावला गेला तरी कळत नाही, तसं काहीतरी त्याच्या आत झालेलं होतं, आणि ते काही आजचं नव्हतं.

सुईचं त्याला ठाऊक असायचं कारण, तो दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकायचा. ती मागे झुकणारी खुर्ची, वरचा दिवा, तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी, चूळ टाकायचं छोटं भांडं, सगळं मिळून एक सेट. एकदा घेतलेली खुर्ची दहा-पंधरा वर्षं हलत नाही, त्यामुळे हा धंदा खुर्चीचा नाहीच, माणसं सांभाळायचा आहे, असं त्याचे साहेब सांगायचे. आणि माणसं सांभाळण्यात याचा आनंदीआनंद. एका डॉक्टरीणबाईंना याने तोंडभर हसून विचारलं होतं, "काय मॅडम, मिस्टर कसे आहेत?" मिस्टर वारलेले. बरं, वारलेले याला माहीत नव्हतं म्हणावं, तर हा त्यांच्या शोकसभेला जाऊन, पुढच्या रांगेत बसून आलेला. बाईंनी चहा पाजला. खुर्ची मात्र त्यांनी दुसऱ्या कंपनीची घेतली. त्यानंतर साहेबांनी त्याच्या फोनमध्ये ते सॉफ्टवेअर घालून दिलं. ऑफिसात सगळे त्या सॉफ्टवेअरला मुनीम म्हणायचे. भेटून बाहेर पडलं की गाडीत बसायचं आणि मुनीमला सांगायचं: यांच्या मुलाची परीक्षा आहे, यांची आई पडली, यांना साखर चालत नाही. मुनीम लिहून घ्यायचा, आणि वेळ आली की टुणकन आठवण करून द्यायचा. प्रत्येक माणसाच्या नावाभोवती एक कडं असायचं. बोलणं ताजं असलं की हिरवं, मग पिवळं, मग लाल. कडं लाल झालं म्हणजे ते नातं गार पडत चाललं, असं समजायचं.

पहिल्याच महिन्यात त्याच्या लक्षात आलं की हे फार सोयीचं आहे. मग त्याने घरची माणसंही त्यात भरली. काका, मावशी, दोन आतेभाऊ, शाळेतला एक मित्र, ताई. बायको म्हणाली, "मला त्यात घातलंस ना, तर याद राख," म्हणून ती तेवढी बाहेर राहिली. तिचं आणि ताईचं तसंही फारसं गूळपीठ नव्हतं, तेव्हा इकडचं तिकडे कळायची तीही वाट नव्हती. नातेवाईक मात्र खूश झाले. मावशी जिला तिला सांगू लागली, टिल्लू किती सुधारला, माझ्या गुडघ्याचं सुद्धा लक्षात ठेवून विचारतो. तो विचारायचा खरं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, एकामागून एक फोन लावायचा. मुनीम सांगेल ते विचारायचा, समोरचं माणूस बोलायचं, हा "हो का", "अरे वा", "काळजी घ्या" म्हणायचा, आणि फोन ठेवला की कडं हिरवं व्हायचं. हिरवं झालं की त्याला बरं वाटायचं. म्हणजे, बरं वाटत असावं असं त्याला वाटायचं. गुडघा कुठला आणि मोतीबिंदू कुणाचा, हे पुढचा फोन लागेपर्यंत डोक्यातून पार पुसलेलं असायचं. पूर्वी तो विसरायचा आणि विसरल्याची खंत तरी असायची. आता विसरायचं कामही त्याच्याकडे उरलं नव्हतं.

त्याने फोन काढला. ताईच्या नावावर बोट ठेवलं आणि नोंदी पाहत अगदी तळाशी गेला. पहिली नोंद त्याने दर शुक्रवारी पाहिलेली होती, पण पहिल्या ओळीपुरती: "मांजर आहे, राखाडी, म्हातारं, मागचा पाय लंगडा. त्यावर फार जीव." त्याखालची ओळ त्याने आज प्रथम वाचली. "क्लिनिकच्या वरच राहतात. दिवा पिवळा नको, पांढरा हवा. जुनी खुर्ची परत घेणार का विचारतात." त्याला आठवलं. ऊन होतं, गाडी तापलेली होती, आणि तो एका वयस्क डॉक्टरीणबाईंना भेटून नुकताच गाडीत बसला होता. तो मुनीमला सांगत असतानाच ताईचा फोन आला. त्याने तो कापला, पुढे सांगत राहिला. आणि मुनीमने, ज्याचा फोन शेवटचा आला त्याच्या नावावर, ते सगळं टाकून दिलं. एवढंच झालं होतं. त्या बाईंना त्यांच्या मांजराबद्दल कुणी कधी विचारलं नाही, आणि ताईला वर्षभर विचारलं. ताईने तेव्हा फोन कशाला केला होता, हे त्याने नंतर विचारलंच नव्हतं.

पहिल्यांदा विचारलं तो फोन त्याला आठवला. "ताई, मांजर कसं आहे तुझं?" "कुठलं रे?" "अगं, ते राखाडी. लंगडं." यावर तिकडे कितीतरी वेळ काहीच आलं नाही. गेला वाटतं फोन, असं समजून तो हॅलो हॅलो करायला लागला, तेव्हा ताई हळूच म्हणाली, "बरं आहे." आणि मग हसली. कशी हसली होती, ते त्याला इथे सोफ्यावर बसल्यावर ऐकू आलं. कुणीतरी मागून येऊन डोळे झाकावेत आणि आपण ओळखावं, तशी. त्या वेळी त्याने फक्त लिहिलं होतं: मांजर बरं आहे. पुढच्या वेळेला ती म्हणाली, हल्ली ते गॅलरीत जाऊन बसतं, आत यायचं नाव घेत नाही. मग एकदा, पावसाला घाबरतं. मग, कुणी बोलायला नसलं की माझ्याच मागे मागे फिरतं, येडं. ताई इतकी बोलते हे त्याला नवीनच होतं. पूर्वी फोनवर "बाकी काय", "काही नाही, तुझं?" यापुढे त्यांची गाडी जात नसे.

बाल्कनीतून मेव्हण्यांचा आवाज आला, "पाणी घे रे, आत माठ... नाही, बाटलीतलं घे, गार आहे!" तो "हो" म्हणाला आणि उठला नाही. दमा. मेव्हणे किती सहज बोलले, लहानपणापासूनचा. जसं काही ते त्या लहानपणात होते. होता तो. आईवडिलांच्या घरामागे ट्रक दुरुस्त करायची जागा होती, तिथे तेलाच्या डबक्याशेजारी त्याला एक पिल्लू सापडलं होतं. शर्टाच्या आत घालून तो ते घरी घेऊन आला. त्याचं इवलंसं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की ते आपलंच आहे असं त्याला वाटत होतं, आणि पोटाला नखं टोचत होती तरी त्याने हात सैल केला नाही. पिल्लू राखाडीच होतं. मूळचं राखाडी की तेलाने माखलेलं, ते कधी कळलंच नाही, कारण धुवायच्या आधीच ताईची छाती भरली. ती भिंतीला टेकून बसली होती, खांदे वर ओढून, आणि श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येत होता. आईने पिल्लू उचललं आणि ते दूध घालणाऱ्या बाईला देऊन टाकलं. तो रडला, लाथा झाडल्या, ताईला नको ते बोलला. "तू मर," असंसुद्धा म्हणाला. आणि ताई, तोंडातून धड शब्द निघत नव्हता तरी, आईला म्हणत होती, "राहू दे ना गं. मी बाहेरच्या खोलीत झोपेन." त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता. हे सगळं त्याला होतं तसं आठवलं, तेलाचा वास धरून. यासाठी कुठली नोंद लागली नाही. मग फोनवर वर्षभर मांजर मांजर करताना हे कुठे गेलं होतं? त्याने आपल्यालाच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मांडीवरची कुंडी जमिनीवर ठेवली.

"टाक्यांचं तू विचारायचास ना, तिला फार बरं वाटायचं," मेव्हणे बाल्कनीतून म्हणाले.

"काय?"

"टाके रे, टाके! ऑपरेशनचे." मेव्हणे फ्रिजच्या मागून डोकावले. गालाला काळं लागलं होतं. "आम्ही काय, जेवलीस का, गोळी घेतलीस का, झालं. तू मात्र बरोबर विचारायचास. टाके ओले आहेत का, खाज येते का, चाटत... काय ते, हात लावू देऊ नका. तुझा फोन झाला की ही दोन घास जास्त जेवायची. मी तुला कळवणार होतो तेव्हाच, हॉस्पिटलमधून, तर म्हणाली, त्याला सगळं माहीत आहे, आमचं बोलणं आमच्या भाषेत चालतं, तुम्ही मध्ये पडू नका, आणि बाकी कुणाला सांगू नका. म्हटलं, बरं बाई. बहीणभावंडांच्या मध्ये पडून मार कोण खाणार!" आणि ते हसून पुन्हा फ्रिजमागे गेले.

तो बसून राहिला. फोन हातात होता आणि ताईच्या नोंदी उघड्याच होत्या. आता त्या खालून वर वाचायची त्याची इच्छा नव्हती, पण डोळे वाचत गेले. मांजर खात नाही. मांजराच्या पोटात गाठ निघाली. मांजराचं ऑपरेशन, सोमवारी, विचारणे. टाके ओले आहेत. टाके काढले. मांजर अशक्त आहे पण जिन्यापर्यंत जाऊन येतं. एखादं वाक्य त्याने वाचलं आणि मांजराच्या जागी ताईला ठेवलं, मग पुढचं वाचलं, मग तसं करायचं थांबवलं. जागा बदलायची गरजच पडत नव्हती. तो प्रत्येक वेळी वेळेवर विचारत गेला होता. कुणालाही दोष काढता आला नसता. बहिणीच्या पोटात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि भावाने एक शुक्रवार चुकवला नाही. त्याला रडू यायला हवं होतं. त्याने डोळे मिटून पाहिले, छातीवर हात ठेवून पाहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी टिंग टिंग वाजत होती, तेवढं ऐकू आलं.

सर्वांत वरच्या दोन नोंदी उरल्या होत्या. "गाठ पुन्हा आली. डॉक्टर पुन्हा ऑपरेशन म्हणतात. ताईचा विचार पक्का होत नाही." आणि "मांजर गेलं. प्रत्यक्ष भेटणे. रोपटं न्यावं." पहिल्या नोंदीचा फोन त्याला लख्ख आठवला, कारण तो पार्किंगमधला नव्हता. तो एका क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत बसला होता, मांडीवर खुर्च्यांचं पुस्तक, आत कुणाच्या तरी दातावर ते यंत्र घरघरत होतं, आणि आत्ता बोलावतील, मग बोलावतील, अशी त्याची घाई होती. ताईनेच फोन केला होता, शुक्रवार नसताना. "टिल्लू, तूच सांग. काय करू मांजराचं?" तिने विचारलं. आणि त्याने चांगला आवाज काढून, शुक्रवारच्या फोनांवर सवयीचा झालेला तो सहानुभूतीचा आवाज काढून सांगितलं होतं, "अगं ताई, वय झालं त्याचं. एकदा चिरफाड झाली, आता परत कशाला? उगाच त्या मुक्या जिवाचा छळ. शांतपणे जाऊ दे." मग आतल्या मुलीने नाव पुकारलं आणि तो उठला. ताई काय म्हणाली होती? "बरं," म्हणाली होती. नुसतं "बरं". आणि त्या क्लिनिकने खुर्ची घेतली, दोन घेतल्या.

मेव्हणे हात पुसत आत आले. पिशवीत पाने-पक्कड भरली, चपला पायात सरकवल्या. एका गिऱ्हाइकाकडे जाऊन यायचं होतं. दाराशी जाऊन ते परत वळले, आणि हसरा माणूस हसायचा थांबला की जसा अनोळखी दिसतो तसे दिसायला लागले. "एक बोलू का? रागावू नकोस. तुझा तिला सल्ला होता म्हणे, जाऊ दे म्हणून. मला आवडलं नाही ते. ती डॉक्टरीण म्हणते, आत्ता काढलं तर निभावेल, नक्की निभावेल; पण थांबलो तर मग काही खरं नाही. परवा हिने हॉस्पिटलला फोन करून सरळ नाही म्हणून कळवलं. मी डोकं आपटलं. तर मला म्हणते, माझा भाऊ सुद्धा हेच म्हणतो, आणि तो उगाच बोलत नाही." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी तिचं ऐकतो आणि ती तुझं ऐकते. तेव्हा बघ बाबा." ते गेले, आणि जिन्यावर त्यांच्या पिशवीतली लोखंडं वाजत खाली गेली.

म्हणजे हे असं होतं. तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. आल्याबरोबर सांगून टाकावं. काय सांगावं? ताई, माझी चूक झाली, मला वाटलं तुझ्याकडे खरंच मांजर आहे. सोपं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशातली गत झाली म्हणावं, दोघांनी हसावं, आणि तो सल्ला मांजरासाठी होता, तुझ्यासाठी नव्हता, ऑपरेशन करून घे, की संपलं. त्याने ते वाक्य मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमत होतं. ती का लपवत राहिली, का एका मांजराला पुढे करत राहिली, हे मात्र त्याला उमगत नव्हतं. माझी थट्टा करत असेल, असं त्याला वाटलं. केली तर केली. किल्लीचा आवाज आला आणि दार उघडलं.

ताई वाळली होती. एवढी, की आधी तिच्या खांद्यावरची पिशवी दिसली आणि मग ती. तिने त्याला पाहिलं, कुंडी पाहिली, आणि चपला काढता काढता थांबली. "हे मांजरासाठी?" तिने विचारलं.

"हो."

"अग्गोबाई!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. ती त्याच्या शेजारी येऊन बसली, धाप लागली होती ती शमेपर्यंत थांबली. "तू म्हणजे ना, शेवटपर्यंत सोडणार नाहीस. रोपटं सुद्धा! मला वाटलंच होतं, मांजर गेलं म्हटल्यावर तरी येशील. पहिल्यांदा तू विचारलंस ना, मांजर कसं आहे, मला काही कळेचना. म्हटलं, याचं डोकंबिकं फिरलं की काय. मग तू म्हणालास, राखाडी. आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं रे. इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, याच्या लक्षात आहे. माझ्यामुळे गेलेलं मांजर हा माझ्याचकडे ठेवायला देतोय." तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. तिचा हात कोरडा आणि हलका होता. "तेव्हा माझे रिपोर्ट यायचे होते. ते सांगायला मी आदल्या दिवशी फोन केला होता, तू कापलास. सरळ बोलायची आपल्याला सवय कुठे आहे? तू बरोबर वाट काढलीस. मांजराचं म्हणून मी सगळं बोलू शकले. ह्यांच्याजवळ रडले असते तर हे खचले असते. तुझ्याजवळ रडावं लागलं नाही."

त्याने तयार केलेलं वाक्य त्याच्या तोंडात होतं. ते तिथेच राहिलं. थट्टा नव्हती, लपवाछपवी नव्हती. तिला वाटत होतं, तो पहिल्यापासून तिच्याबरोबर आहे. आता तो म्हणाला, की मला काही माहीत नव्हतं, तर ऑपरेशनला ती कदाचित जाईल; पण वर्षभर जो भाऊ तिच्या उशाशी होता तो जाईल, आणि उरेल हा, गाडीच्या काचा वर करून बसलेला. आणि गप्प बसला, तर भाऊ राहील आणि ताई जाईल. त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे तपासणीच्या सुईचा एक पिवळट डाग अजून होता.

"मांजर मेलेलं नाही," तो म्हणाला.

"अं?"

"नाही मेलेलं. मी चुकीचं सांगितलं तुला. त्याला दवाखान्यात नेऊ. परत चिरफाड तर परत चिरफाड."

"वय झालं रे त्याचं. तूच म्हणालास."

"होऊ दे झालं तर."

"टिल्लू, खरं सांग," तिने त्याचा हात सोडला. "गाठ निघाली म्हणाले ना मी, तेव्हा तुला कळलं होतं ना, मी कुणाबद्दल बोलतेय ते?"

"पहिल्याच फोनला कळलं," तो म्हणाला. किती सहज म्हणाला. खुर्च्या विकताना सुद्धा त्याला इतकं सफाईदार खोटं कधी बोलता आलं नव्हतं.

"मग जाऊ दे कसा म्हणालास?"

तिने ते रागाने विचारलं नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. इतके दिवस ते एकटीनेच पोटात घेऊन ती फिरत असणार. याचं उत्तर कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं, आणि जे आलं ते बाहेर पडू दिलं.

"घाबरलो होतो गं."

तेही खोटंच होतं. तो घाबरला नव्हता, त्याला घाई होती. पण शब्द तोंडातून गेले आणि त्यांच्या पाठोपाठ, वरातीमागून घोडं यावं तशी, भीती आली. ही बाई मरेल. ही, शेजारी बसलेली, वाळलेली, औषधाचा वास येणारी, मरेल, आणि मग कुणीही टिल्लू म्हणणार नाही. तो पुढे वाकला. जमिनीवरची कुंडी उचलून त्याने दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली, आणि ताई ते बघत होती.

"अरे, अरे," ती म्हणाली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लहान असताना चोळायची तसा चोळायला लागली, वरून खाली, वरून खाली. "एवढं काय त्यात. मी पण घाबरलेय. उगी. जाऊ आपण. त्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगते मी, येते म्हणून. चालेल?"

त्याने मान हलवली.

"आणि येशील ना तू? नाहीतर फोनवरच बसशील." ती हसली. "बरं वाटतं रे मला. कुणी नसलं तरी एक माणूस होतं, ज्याला न सांगता सगळं कळत होतं."

"हो," तो म्हणाला, आणि तिचा हात पाठीवरून काढून घेतला जाऊ नये म्हणून, होता तसाच, वाकून बसून राहिला.